होडीला भोक हवंच

भोक पडलं की होडी बुडते, एवढं जलशास्त्र आपल्याकडे पोहता न येणाऱ्यालाही ठाऊक असतं. अमेरिकेतले होडी बनवणारे मात्र नवी कोरी होडी दुकानात पाठवण्याआधी तिला स्वतःच्या हातानं भोकं पाडतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. माझ्या साडूंनी मिनेसोटात मासे धरायला सोळा फुटी ॲल्युमिनियमची होडी घेतली. तिच्यात माणसांना बसायला जागा तीन, आणि पाण्याला यायला-जायला वाटा चार.

त्यांतली पहिली वाट मागच्या फळीत, अगदी तळाशी. होडीच्या पोटात झिरपलेलं, पावसाचं, ओल्या बुटांतून आलेलं पाणी, होडी ट्रेलरवर चढवली की तिथून निघून जातं. पाण्यात ढकलण्यापूर्वी तिथं पितळी बूच पिळून बसवायचं. लोक ते विसरतात. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी होडी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर जाऊन बसलं, तर एखादे गृहस्थ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून होडीच्या बुडाशी चाचपडताना हमखास दिसतात. त्यांची बायको किनाऱ्यावर, आपला या माणसाशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं झाडं बघत असते. होडी पुरती बुडत मात्र नाही. वीस फुटांखालच्या अशा होडीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहील एवढा फोम आत कोंबलाच पाहिजे, असा तिथला केंद्रीय कायदा आहे. त्यामुळे बुडते ती फक्त अब्रू.

यावर अनुभवी लोकांचा उपाय असा, की पाणी शिरलंय हे भर तळ्यात लक्षात आलं तर घाबरायचं नाही. मोटार पूर्ण सोडायची आणि होडी वेगात येऊन नाक वर करून पळू लागली, की मागचं बूच खुशाल काढायचं. वेगामुळे आतलं पाणी त्याच भोकातून बाहेर ओढलं जातं. वेग कमी करण्याआधी बूच परत बसवायचं, एवढंच. म्हणजे बुडत्या होडीचं भोक आणखी उघडायचं आणि जोरात पळायचं. हे शास्त्रशुद्ध आहे. तरी सांगणाऱ्याच्या डोळ्यांकडे मी दोनदा पाहून घेतलं.

उरलेल्या तीन वाटा लाइव्हवेलच्या. लाइव्हवेल म्हणजे होडीतच बसवलेली, वर झाकण असलेली, धरलेला मासा जिवंत ठेवायची टाकी. एका भोकातून पंप तळ्यातलं पाणी आत घेतो. वरच्या बाजूच्या दुसऱ्या भोकातून जादा पाणी बाहेर पडतं. तिसरं भोक टाकीच्या तळाला, ती रिकामी करण्यासाठी. साडूंच्या टाकीत वीस गॅलन पाणी मावतं. म्हणजे पंचाहत्तर लिटर, म्हणजेच पंचाहत्तर किलो, म्हणजे मध्यम बांध्याचा एक जावई. तळ्याचं पाणी आत येऊ नये म्हणून होडी घ्यायची, मग तिच्यात तेच पाणी पंप लावून आणायचं, आणि त्यात त्याच तळ्यातला मासा ठेवून त्याला त्याच तळ्यावरून फिरवायचं.

हा सगळा प्रकार सासूबाईंना समजावून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली, कारण त्या वर्षी आम्ही आणि त्या एकदमच तिकडे होतो. सासूबाई रेवदंड्याच्या. त्यांच्या मुलखात मासा जिवंत ठेवणं नवं नाही. पेण-अलिबागकडे तळ्यांत जिताडा पाळायची रीत फार जुनी. पाहुणा आला की तळ्यातून काढायचा. त्यामुळे टाकीचं झाकण उघडून आतला बास जातीचा मासा त्यांनी जाणकारीनं पाहिला आणि विचारलं, “हा आज करायचा की उद्या?”

“करायचा नाही आई. फोटो काढायचा, मापायचा आणि सोडायचा.”

“सोडायचा होता तर धरला कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर 1967 सालात जाऊन द्यावं लागतं. आलाबामात विमा विकणारे रे स्कॉट नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी त्या वर्षी आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली, आणि पुढच्या वर्षी बास धरणाऱ्यांची संघटनाच काढली. स्पर्धा वाढल्या, तसे वजनकाट्याशी मेलेल्या माशांचे ढीगही वाढले आणि लोक नाराज होऊ लागले. तेव्हा 1972 मध्ये स्कॉटनी नवा शिरस्ता घातला. मासा जिवंत आणायचा, वजन करायचं आणि पाण्यात परत सोडायचा. विमा विकणाऱ्यालाच माशाच्या आयुष्याचं मोल कळावं, हे ओघानंच आलं. मग मासा दिवसभर जिवंत ठेवायला होडीत हवा खेळवणारी टाकी आली, टाकीला पंप आला आणि पंपामागोमाग भोकं आली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “म्हणजे माशाला फिरवून आणायचं.” मी पुढे उत्साहानं प्राणवायूचं गणितही सांगितलं. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि पंचवीस अंशांच्या पाण्यात तो सव्वाआठावर येतो, म्हणून जुलैच्या उन्हात पंप सतत चालू ठेवावा लागतो, काही जण तर टाकीत बर्फही टाकतात. यावर त्यांनी माझ्याकडे न बघता लेकीला विचारलं, “याला एसी लावलाय का गं?”

सुदैवानं साडू बास सोडतात, पण वॉलआय खातात. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा. राज्यमाशाला तिकडे रवा लावून तळता येतो. सासूबाईंनी दोन तुकड्या खाऊन “जिताड्याची सर नाही, पण टाकाऊ नाही” असा निकाल दिला, तेव्हा कुठे होडीला घरात मान्यता मिळाली.

आता ते तिसरं भोक. टाकीचा तळ होडीबाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असतो. त्यामुळे तिथलं बूच दुहेरी नोकरी करतं. होडी उभी असताना ते तळ्याला आत येऊ देत नाही, आणि होडी पळू लागली की टाकीला बाहेर जाऊ देत नाही. बूच ढिलं असलं तर उभ्या होडीत टाकी आपोआप भरते, साडू म्हणतात “बघा, पंपाचीही गरज नाही.” मग ते जोरात पुढचा किनारा गाठतात, झाकण उघडतात, तर टाकी कोरडी आणि मासा आडवा पडून त्यांच्याकडे एका डोळ्यानं बघतोय.

बूच दिसायला साधं, पण करामती. रबराचा जाड ठोकळा, मधून पितळी दांडा, डोक्यावर मूठ. मूठ उभी असताना ते भोकात सैल बसतं. आडवी पाडली की दांडा वर ओढला जातो, दोन चकत्यांमध्ये रबर चेपतं, चेपलं की बाजूंनी फुगतं आणि भोकाच्या भिंतीला धरून बसतं. मूठ आडवी करण्यापूर्वी दोन-चार वेळा फिरवून ताण कमी-जास्त करायचा. पहिल्या दिवशी ते सासूबाईंच्या हातात पडलं. त्या बराच वेळ ते उघडमिट करत बसल्या, खट् आणि खट्. लेकीनं विचारलं काय बघतेस, तर म्हणाल्या, “काही नाही. डोकं लढवलंय मेल्यांनी.”

पण रबर ते रबरच. उन्हानं तडकतं, कायम चेपून ठेवलं की चेपलेलंच राहतं, आणि त्याच्याखाली माशाचा एक खवला जरी अडकला तरी थेंब थेंब गळतं. साडूंचं पहिल्याच मोसमात गळायला लागलं. नवं आणायला आम्ही एका अवाढव्य दुकानात गेलो. तिथं बुचांची एक अख्खी भिंत होती. एक इंची, सव्वा इंची, आणि मध्येच कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालेली एक पूर्णांक एकअष्टमांश इंची. मूठवालं, पिळायचं, पितळी, स्टीलचं, सगळं प्लास्टिकच्या जाड वेष्टनात बंद, म्हणजे भोकात बसतं का हे विकत घेतल्यावरच कळायचं. पुण्याच्या बोहरी आळीत हे काम दीड मिनिटाचं. जुनं बूच काउंटरवर ठेवायचं, शेठ त्याच्याकडे न बघता आत हाक मारतात, आतून पोऱ्या फेकतो ते नेमकं तेच असतं, आणि “हे चालेल का?” असं विचारल्यास शेठ दुखावतात. इथं दुखावायलाही कुणी नव्हतं. आम्ही तीन मापांची तीन बुचं घेतली. त्यांतलं बरोबर माप चौथंच निघालं.

ते मागवून येईपर्यंत साडूंनी मराठी माणसाचा पिढीजात उपाय केला, म्हणजे बोळा. जुन्या टॉवेलचा, चांगला पिळून, ठोकून बसवलेला. बोळ्यानं तासभर इमानानं काम केलं. मग होडी लाटेवर आपटली, बोळा सुटला, टाकीत तरंगत वर आला आणि जादा पाणी बाहेर जायच्या भोकावर जाऊन नेमका बसला. पंप बिचारा सांगितलेलं काम करत होता. टाकी भरली, झाकण उचललं गेलं, पाणी होडीत आणि पाण्याबरोबर राज्यमासा साडूंच्या पायांत. साडूंनी दोन्ही पाय वर घेतले. चालवणाऱ्यानं पाय वर घेतलेली होडी मी पहिल्यांदाच पाहिली.

नवं बूच आलं तरी होडीच्या पोटात पाणी सापडतच राहिलं. आता हे पाणी बुचातून येतंय, नळीतून येतंय की नळी जिथं होडीच्या अंगाला जोडली आहे तिथून, हे ओळखायचं कसं? याची एक सुंदर परीक्षा आहे. होडी घरासमोर ट्रेलरवर ठेवायची, टाकी बागेच्या नळीनं भरायची आणि त्या पाण्यात खायचा रंग टाकायचा. रंगीत पाणी टाकीच्या बाहेरच्या तोंडातून ठिबकलं तर दोष बुचाचा. तेच जर मागच्या फळीतल्या भोकातून आलं तर ते आधी होडीच्या पोटात सांडलेलं आहे, म्हणजे दोष नळीचा किंवा तिच्या क्लॅम्पचा. घरात खायचा रंग एकच होता, जिलबीचा केशरी, तोही ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, भारतातून आणलेला. साडूंनी अंदाजानं टाकला. त्यांच्या अंदाजाला जिलब्यांचा घाणा करायची सवय असावी. थोड्या वेळानं मागच्या भोकातून गडद केशरी धार लागली, उतारावरून फुटपाथपर्यंत गेली, आणि समोरचे निवृत्त शेजारी कुत्र्याला फिरवता फिरवता थांबले. साडू आनंदानं ओरडले, “सापडलं! क्लॅम्प!” शेजाऱ्यांनी कुत्र्याला पलीकडच्या बाजूनं नेलं.

क्लॅम्प पिळला, नळीचं तडकलेलं टोक कापून पुन्हा बसवलं. जोडावर लावायला म्हणून दुकानदारानं एक पांढरं सीलंट दिलं होतं. होडीवाल्यांत त्याची ख्याती अशी, की एकदा सुकलं की होडी निघेल पण सीलंट निघणार नाही. पुढे कधी भाग बदलावा लागला तर तो कापूनच काढायचा. साडूंनी ते जोडाला लावलं, आणि थोडं त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना लागलं. तो आठवडा ते सगळ्यांना आशीर्वाद दिल्यासारखे हात करून हिंडत होते.

इथवर सगळं “बूच नीट लावा” या एका आज्ञेत बसतं. खरी गंमत रस्त्यावर सुरू होते. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे तळ्यावरून निघताना होडीतला पाण्याचा थेंब न् थेंब काढायचा, लाइव्हवेलही रिकामी करायची, आणि होडी रस्त्यावरून नेताना पाणी काढायची सगळी बुचं उघडी ठेवायची. कारण झेब्रा शिंपला. नखाएवढा, अंगावर पट्टे, मूळचा काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो अमेरिकेत आला आणि 1988 मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये पहिल्यांदा सापडला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, टाकीच्या तळाशी राहिलेल्या पेलाभर पाण्यातून ती आरामात प्रवास करतात आणि दुसऱ्या तळ्यात उतरून पाइपांना, होड्यांना, एकमेकांना चिकटत सुटतात. म्हणून रॅम्पवर सरकारी खात्याचे तपासनीस असतात. आम्हाला भेटली ती कॉलेजात शिकणारी, उन्हाळी नोकरीवरची मुलगी होती. तिनं हसून विचारलं, बुचं काढलीत का? साडूंनी, आपण इंजिनियर असल्याचं स्मरून, बुचाचं तत्त्व, जुनी गळती, केशरी परीक्षा, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून तोच प्रश्न तितकंच हसून पुन्हा विचारला. बूच जागच्या जागी होतं.

याचा अर्थ असा, की पाण्यात बूच विसरलं तर होडी भरते आणि रस्त्यावर विसरलं तर दंडाची पावती. माणसानं विसरायचं तरी कधी? शिवाय जिवंत मासाही त्या पाण्यातून घरी आणता येत नाही. खायचा असेल तो बर्फावर घालायचा. म्हणजे दिवसभर त्याला हवा-पाणी दिलं ते तळ्याच्या हद्दीपुरतं. सासूबाईंना हा नियम मात्र ताबडतोब पटला. “दुसऱ्याच्या तळ्यात घाण नको,” त्या म्हणाल्या. ज्यांच्या मुलखात जिताड्याच्या तळ्यावरून भाऊबंदकी झालेली आहे, त्यांना शिंपल्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

काढलेलं बूच ठेवायचं कुठे, हा जागतिक प्रश्न आहे. कुणी ते सुकाणूच्या चाकाला बांधतं, कुणी मोटारीच्या किल्लीला, म्हणजे बूच हाती आल्याशिवाय मोटार चालूच होऊ नये. तिजोरीच्या किल्ल्या जानव्याला अडकवणाऱ्या आमच्या पूर्वजांनी हा प्रश्न होडी नसतानाच सोडवला होता, पण साडूंनी मुंजीनंतरच्या वर्षीच जानवं सोडलेलं. ते बूच खिशात ठेवतात. एका रविवारी रात्री मागच्या फळीचं पितळी बूच हरवलं. गाडी, गॅरेज, गवत, सगळं पालथं घातलं. सोमवारी सकाळी ते देवघरात सापडलं, ताम्हन आणि पळी यांच्या मधोमध. पँट धुवायला टाकताना ताईंनी ते काढून ओट्यावर ठेवलं, आणि सासूबाईंनी पितळ दिसलं म्हणून देवाच्या उपकरण्यांबरोबर पितांबरीनं घासून टाकलं. इतकं लखलखीत बूच त्या काउंटीत दुसऱ्या कुणाकडे नसावं. साडू ते होडीला लावताना आधी किंचित थबकत, हात जोडावेत की काय असं त्यांना होई.

बाकी देखभाल कंटाळवाणी आहे, म्हणून उरकतो. भोकाचा काठ जुन्या टूथब्रशनं घासायचा. रबराला सिलिकॉनचं ग्रीस बोटभर नाही, बोट पुसल्याएवढं लावायचं. पेट्रोलियम जेली नको, काही रबरं तिनं फुगून मऊ पडतात. टाकीतल्या जाळीखाली आमिषाची मासळी अडकून राहू द्यायची नाही. राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी ती कुठे आहे हे शोधावं लागत नाही, पोस्टमन फाटकापाशीच सांगतो. मग व्हिनेगर आणि पाणी घालून पंप फिरवायचा. ऑक्टोबरात सगळं कोरडं करून पंपात गुलाबी अँटिफ्रीज ओतायचं, कारण पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पंपाच्या प्लास्टिकला तेवढा दिलदारपणा नसतो. आणि बुचाची मूठ थंडीभर उभी ठेवायची, रबराला मोकळं बसू द्यायचं.

साडूंनी हे सगळं यथासांग केलं. गेल्या मे महिन्यात मोसम उघडायच्या आदल्या रात्री त्यांचा मला पुण्यात फोन आला. मूठवालं बूच मिळत नाही, जास्तीचं घेतलं होतं तेही नाही, होडीवर नाही, गॅरेजात नाही, देवघरातही बघितलं. मला काय माहीत असणार? पण बायको शेजारीच होती. तिनं काही न बोलता रेवदंड्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आई, ताईकडचं एक रबरी बूच...”

“हो, परसातल्या डोणीला बसवलंय,” सासूबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं काठीला चिंध्या गुंडाळून बसवत होते, सकाळी बघावं तर डोणी रिकामी. आता रात्री भरलेली सकाळी तशीच. दुसरं होतं ना, ते मागच्या आळीतल्या काकूंना दिलं. त्यांनाही अगदी बरोबर बसलं. जावईबापूंना म्हणावं, येताना आणखी चार आणा. एक इंची नकोत हं, सव्वा इंचीच.”